उंबऱ्यावरचे प्रश्न

नगरपालिकेची निवडणूक लागली की गावातल्या प्रत्येक घराची कडी दिवसातून चार-पाच वेळा वाजते. कुणी पत्रक देऊन जाते, कुणी हात जोडून जाते, कुणी पोरांच्या डोक्यावर टोप्या घालून जाते. घरातली माणसे 'बरं, बरं' म्हणतात आणि दार लावून घेतात. मात्र आलेला माणूस घाई न करता दोन मिनिटे टेकला, तर त्याला प्रश्न विचारले जातात. सभेत हात वर करून कुणी ते विचारणार नाही, वर्तमानपत्रातही ते छापून येत नाहीत. त्यांतले काही प्रश्न मोठ्याने विचारले जातात, काही अगदी हळू आवाजात.

२०१६ च्या नोव्हेंबर महिन्यात सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी हे प्रश्न ऐकायची वेळ एका निवृत्त शिक्षिकेवर आली. सारे गाव त्यांना नुसते 'बाई' म्हणते. गावातल्या निम्म्या कर्त्या माणसांना त्यांनी कधी ना कधी बाकावर उभे केलेले आहे. नोकरीत असताना त्यांनी लोकसभेपासून पंचायत समितीपर्यंत कितीतरी निवडणुकांची ड्यूटी केली होती. सुरुवातीला मतदारांच्या बोटाला शाई लावली, पुढे केंद्राध्यक्ष म्हणून रात्री उशिरापर्यंत बसून यंत्रांना लाखेची मोहोर केली. तेव्हा प्रचाराच्या आसपास फिरकण्याचीही मुभा नव्हती.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्यांची एक जुनी विद्यार्थिनी दारात आली. ती शिवणक्लास चालवत होती, बचत गटाचे हिशेब सांभाळत होती. प्रभागातली एक जागा महिलांसाठी राखीव झाली होती आणि तिने अपक्ष म्हणून अर्ज भरला होता. चिन्हही मिळाले होते शिवणयंत्राचे.

"बाई, तुम्ही नुसत्या बरोबर फिरा. लोक इतकं काही विचारतात, मला सगळ्याची उत्तरं येत नाहीत," ती म्हणाली.

"फिरते. पण जे खरं असेल तेच सांगेन. मत जाईल म्हणून मला गप्प बसवायचं नाही, कबूल?"

तिने हसून कबूल केले. ही अट किती महागात पडणार आहे याची तेव्हा दोघींनाही कल्पना नव्हती.

तीन मतं कशाला?

पहिला प्रश्न बहुतेक घरांत एकच होता. "यंदा तीन-तीन मतं द्यायची म्हणे?"

ते खरे होते. महाराष्ट्रात त्या वर्षी नगराध्यक्षाची निवड थेट मतदारांनी करायची होती आणि बहुतेक प्रभागांतून दोन-दोन नगरसेवक निवडायचे होते. म्हणजे एक मत नगराध्यक्षाला आणि दोन मते प्रभागातल्या दोन जागांना. नियम सगळीकडे सारखे नसल्यामुळे गोंधळात भर पडत होती. मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जातो. तिथे राहणारा मुलगा फोनवर आईला सांगत होता, "एकच बटण दाबायचं असतं." लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो, तर ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंतच्या निवडणुका त्या-त्या राज्याचा राज्य निवडणूक आयोग घेतो. त्यामुळे एका राज्यात ऐकलेले दुसऱ्या राज्यात लागू पडेलच असे नाही.

बाईंनी खोक्याचा एक पुठ्ठा घेतला. त्यावर तीन रकाने आखले आणि शिवणक्लासमधून शर्टाची बटणे आणून दोऱ्याने टाचली. हे 'मशीन' पिशवीत घालून त्या घरोघर फिरू लागल्या. म्हाताऱ्या बायका चष्मा पुसून बटण दाबून पाहत आणि लाजून हसत.

एका आजोबांनी विचारले, "दोनच माणसं मला पसंत आहेत. तिसरं बटण दाबलंच नाही तर?"

"तर आजोबा, मशीन अडून बसेल. सगळ्या जागांची बटणं दाबल्यावरच लांब शिट्टी वाजते. कुणीच पसंत नसेल त्या जागेसाठी शेवटचं 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण आहे."

बरोबर आलेला तरुण कार्यकर्ता बाहेर पडल्यावर कुरकुरला. "बाई, 'नोटा' कशाला शिकवता? आपलंच मत घालवाल."

बाईंचे म्हणणे साधे होते. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१३ पासून हे बटण यंत्रावर आहे, मग ते लपवायचे कसे? मात्र त्या आजोबांना हेही सांगत की, नकाराची मते कितीही पडली तरी उमेदवारांत ज्याची मते जास्त तोच निवडून येतो. त्या वेळी तसेच होते. पुढे २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नियम बदलला आणि स्थानिक निवडणुकीत 'नोटा'ला सर्वाधिक मते पडली तर त्या जागेसाठी फेरनिवडणूक घ्यायची असे ठरवले.

कार्ड आहे, मग नाव का नाही?

दुसरा प्रश्न यादीचा. मतदार ओळखपत्र डब्यात जपून ठेवलेले, पण यादीत नाव नाही. हे ऐकले की माणूस चिडतो. त्याला वाटते, कुणीतरी मुद्दाम काढले.

बाई समजावून सांगत. ओळखपत्र म्हणजे आपण कोण याचा पुरावा. मत देण्याचा हक्क यादीतल्या नावावर ठरतो. ओळखपत्र हरवले तर ओळखीचा दुसरा मान्य पुरावा चालतो, पण यादीत नाव नसेल तर ओळखपत्र असूनही परत यावे लागते. नगरपालिकेसाठी वेगळी मतदार नोंदणी होत नाही. विधानसभेचीच यादी घेऊन ती प्रभागवार फोडली जाते. फोडताना चुकून शेजारच्या प्रभागात गेलेले नाव हरकत घेऊन परत आणता येते, नवे नाव मात्र त्या वेळी घालता येत नाही. म्हणून नाव पाहायचे ते निवडणूक लागल्यावर नव्हे, आधी.

एक मुलगा ऑगस्टमध्ये अठरा वर्षांचा झाला होता. "अठरा झाली की मतदान, असं तुम्हीच शिकवलंत बाई!" तो म्हणाला. त्याचेही बरोबर होते. मतदानाचे वय एकवीसवरून अठरा झाले ते १९८९ मध्ये. पण त्या काळी यादीसाठी १ जानेवारी हीच तारीख धरत. त्या दिवशी अठरा पूर्ण नसतील त्याला पुढच्या वर्षीची वाट पाहावी लागे. २०२२ पासून वर्षात अशा चार तारखा झाल्या आहेत. त्या मुलाला त्याचा उपयोग नव्हता. तो हिरमुसला, पण दुसऱ्या दिवशी पत्रके वाटायला आला.

एका बाईने जुना सल काढला. "मागच्या खेपेला मी गेले तर म्हणाले, तुमचं मत झालं. मी तशीच परत आले."

"परत यायचं नाही," बाई म्हणाल्या. "केंद्राध्यक्षाला सांगायचं, ते मत माझं नव्हतं. त्यांची खात्री पटली तर कागदाची मतपत्रिका देतात. त्याला प्रदत्त मत म्हणतात." आणि लगेच पुढचे खरेही सांगून टाकले की, हे मत पाकिटात बंद राहते, यंत्रातल्या मतांबरोबर मोजले जात नाही. प्रकरण न्यायालयात गेले तरच त्याचा उपयोग. "पण आपल्या नावावर चोरी झाली, याची नोंद तरी राहते."

त्या वर्षी आणखी एक प्रश्न होता, जो आधी कधी नव्हता आणि नंतरही आला नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि गावातली कर्ती माणसे बँकेच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मतदान होते २७ नोव्हेंबरला. दारे वाजवून उपयोग नव्हता, म्हणून बाई रांगेतच जाऊ लागल्या. रांग हलत नसल्यामुळे लोकांना वेळही होता. १५ नोव्हेंबरला सरकारने जाहीर केले की, नोटा बदलून घेणाऱ्यांच्या बोटाला शाई लावली जाईल. सुरुवात मोठ्या शहरांत झाली, धास्ती मात्र सगळीकडे पसरली. "बँकेची शाई लागली तर मत देऊ देणार नाहीत म्हणे!" केंद्रीय निवडणूक आयोगानेही या गोंधळाची दखल घेऊन अर्थ मंत्रालयाला पत्र लिहिले होते. बाई रांगेत दोन्ही हात वर करून दाखवत. "बँकेची शाई उजव्या हाताला, मतदानाची डाव्या हाताच्या तर्जनीला. नोटा बदला आणि मतही द्या."

हे कुणाच्या हातात आहे?

इथपर्यंतचे प्रश्न माहितीचे होते. उत्तर ठाऊक असले की झाले. त्यापुढचे प्रश्न अवघड होते.

"रेशनकार्डावर सुनेचं नाव कधी चढणार?" "विजेचं बिल एवढं का येतं?" "माझी निराधारची पगार बंद झाली, चालू करून द्याल का?" मतदाराच्या दृष्टीने सरकार एकच असते आणि ते पाच वर्षांतून एकदा दारात येते. मग सगळे गाऱ्हाणे त्याच्यापुढेच मांडायचे, यात त्याचे काय चुकले?

प्रचारातली रीत अशी की, प्रत्येक प्रश्नाला 'करून देऊ' म्हणायचे. बाईंनी वहीच्या पानावर दोन रकाने केले. एका रकान्यात पालिकेची कामे होती. पाणी, गटारे, कचरा, गावातले रस्ते, दिवाबत्ती, जन्ममृत्यूची नोंद, स्मशानभूमी, बाजाराची जागा. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, १ जून १९९३ पासून, नागरी संस्थांकडे सोपवता येतील असे अठरा विषय घटनेच्या बाराव्या अनुसूचीत आले. त्यांतली रोजच्या जगण्याला लागणारी ही कामे. दुसऱ्या रकान्यात पालिकेच्या हातात नसलेली कामे होती. रेशनकार्ड आणि निराधार योजनेचे पैसे तहसील कार्यालयात, विजेचे बिल वीज कंपनीकडे. त्या कामांना कुठे, कोणते कागद घेऊन जायचे हे बाई लिहून देत. दोन म्हाताऱ्यांना तर त्या स्वतः तहसीलला घेऊन गेल्या.

"प्रचाराला आलोय की अर्ज लिहायला?" कार्यकर्ते एकमेकांत म्हणत.

ठिणगी पडली ती पाण्यावरून. वरची आळी उंचावर आहे. तिथे नळाला जेमतेम अर्धा तास पाणी येते आणि तेही करंगळीएवढे. समोरच्या बाजूने 'दोन महिन्यांत पाणी' असे सांगून ठेवले होते. बायकांनी बाईंना विचारले, "तुमची उमेदवार किती दिवसांत देईल?"

"दोन महिन्यांत नाही, वर्षातही नाही," बाई म्हणाल्या. "नवी टाकी लागेल, मोठी लाइन लागेल. त्याचा आराखडा, मंजुरी, निधी. एकटा नगरसेवक ते करू शकत नाही. तो ठराव मांडू शकतो आणि पाठपुरावा करू शकतो."

त्या रात्री शिवणक्लासच्या खोलीत कार्यकर्ते तावातावाने बोलले. "बाई, आळीतली दीडशे मतं गेली. 'होय' म्हणायला काय पैसे पडतात?"

"शाळेत मी पोरांना खोटं उत्तर पाठ करायला लावलं नाही," बाई म्हणाल्या. "आता त्यांच्या आयांना लावू?"

सगळ्यांनी उमेदवाराकडे पाहिले. ती यंत्राजवळच्या स्टुलावर बसून चिंध्या गोळा करत होती. घर गहाण टाकले नव्हते, पण बचतीतले बरेच पैसे प्रचारात गेले होते. सासूबाईंनी दोन वेळा 'हे कशाला काढलंस' म्हणून विचारले होते. तिला जिंकायचे होते. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "बाई, पाण्याचं उद्यापासून तुम्ही नका सांगू. मीच सांगते."

बाईंना वाईट वाटले. अट मोडली असेच त्यांना वाटले. दुसऱ्या दिवशी उमेदवार एकटीच वरच्या आळीत गेली आणि नळापाशी उभी राहून म्हणाली, "बाई सांगत होत्या ते खरं आहे. वर्षात पाणी येणार नाही. मी निवडून आले तर दर महिन्याला इथं येऊन काम कुठं अडलंय ते सांगेन. एवढंच माझ्या हातात आहे." दोघीतिघींनी मान हलवली. बाकीच्यांनी कळशा उचलल्या आणि आत गेल्या.

शपथ घातलीय, काय करू?

मतदानाला चार-पाच दिवस उरले तेव्हा पैशाची कुजबुज सुरू झाली. जुन्या नोटा वाटतात म्हणे, नव्या वाटतात म्हणे. कुणी थट्टेने विचारी, कुणी खरेच. "तुमच्याकडून काय?" बाई हसून पुठ्ठ्याचे मशीन दाखवत. मतासाठी पैसे देणे जसा गुन्हा आहे तसा घेणेही गुन्हा आहे, हे त्या सांगत. ऐकणाऱ्याला ते आधीच माहीत असे.

एका धुणेभांडी करणाऱ्या आजीचा प्रश्न मात्र वेगळा होता. तिने पैसे घेतले होते. देणाऱ्याने देवाच्या फोटोवर हात ठेवायला लावला होता. "पोरी, आता दुसऱ्याला दिलं तर पाप लागंल का?"

कायदा इथे उपयोगाचा नव्हता. बाई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आजी, भीती घालून घेतलेली शपथ देव धरून बसत असेल असं मला वाटत नाही. पुढच्या वेळी पैसे घेऊ नका. यंदा मनाला विचारा आणि द्या." हे उत्तर बरोबर होते की नाही, याचा विचार त्या घरी जाईपर्यंत करत राहिल्या.

कळतं का हो कुणाला?

प्रचाराच्या पंधरा दिवसांत बाईंना सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न कोणता? तीन मतांचा नाही, यादीचा नाही, पाण्याचाही नाही. तो प्रश्न ओसरीवर कुणी विचारला नाही. स्वयंपाकघरात, पाणी देताना, पुरुष बाहेर गेले की बायका तो विचारत. "बाई, आपण कुठलं बटण दाबलं ते कळतं का हो कुणाला?"

'कुणाला' म्हणजे कुणाला, हे सांगावे लागत नसे. नवऱ्याला, सासऱ्याला, दिराला.

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. उमेदवार बाई असते, मतदारही बाई असते. तरीही फलकावर उमेदवाराच्या फोटोहून तिच्या नवऱ्याचा फोटो मोठा असतो आणि घरातली चार मते कुठे जाणार हे एकच माणूस ठरवतो. "बाई उभी आहे की तिचे मालक?" हा प्रश्न पुरुष हसत विचारतात. बायका तो विचारत नाहीत.

एका घरी हा प्रश्न विचारणारीचा नवरा समोरच्या उमेदवाराच्या यजमानांच्या ट्रकवर चालक होता. तिचा आवाज इतका खाली गेला होता की, बाईंना पुढे वाकावे लागले.

बाईंनी घाईघाईने 'नाही' म्हटले नाही. त्यांनी आयुष्यभर हे काम आतून पाहिले होते. त्यांनी नीट सांगितले. यंत्रात मतांची बेरीज राहते, कुणी कोणते बटण दाबले हे त्यातून निघत नाही. बटण पुठ्ठ्याच्या आडोशामागे असते. कुणीही 'मी हिच्यासोबत जातो' म्हणून आत येऊ शकत नाही. मतदार अंध किंवा अपंग असेल, स्वतः बटण दाबू शकत नसेल, तरच केंद्राध्यक्ष सोबती आत नेऊ देतात. मत कुणाला गेले ते चिठ्ठीवर दाखवणारे व्हीव्हीपॅट यंत्रही या निवडणुकीत नसते.

"पण एक गोष्ट कळते," बाई पुढे म्हणाल्या. "प्रत्येक केंद्राच्या मशीनवर कुणाला एकूण किती मतं पडली, हे मोजणीत कळतं. तुझ्या केंद्रावर सात-आठशे नावं आहेत. त्यांतलं तुझं कुठलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. तू स्वतः सांगितलंस तरच कळेल."

मत कुणाला देणार हे त्यांनी विचारले नाही. आपले चिन्हही सांगितले नाही. चहा पिऊन उठल्या.

त्याच संध्याकाळी तो चालक बाईंच्या दारात उभा राहिला. तोही त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

"बाई, आमच्या घरात काय सांगून आलात?"

"आधी बस. मशीन कसं चालतं ते सांगितलं."

तो बसला नाही. "मालकांनी सांगून ठेवलंय. घरातली चारही मतं इकडंच पडली पाहिजेत. मोजणीत आम्हाला सगळं कळतं, म्हणाले. तुम्ही काहीबाही शिकवाल आणि माझी गाडी जाईल. पोरांची फी कोण भरणार?"

बाईंपाशी याचे उत्तर नव्हते. त्याची नोकरी गेली असती तर त्या ती परत मिळवून देऊ शकल्या नसत्या. त्यांनी सकाळी जे सांगितले होते तेच पुन्हा सांगितले. बेरीज, केंद्र, सात-आठशे नावे. एकही शब्द कमी नाही, एकही जास्त नाही. तो खाली बघत ऐकत होता. मग टोपी घालून निघाला. पायरी उतरून पुन्हा वळला आणि बायकोने विचारले होते तितक्याच हळू आवाजात त्याने विचारले, "म्हणजे... माझंही नाही ना कळत?"

"तुझंही नाही."

तो गेला. त्याने कुणाला मत दिले, हे बाईंना माहीत नाही. विचारण्याचा त्यांना हक्कही नव्हता.

निकालानंतर

२८ नोव्हेंबरला मोजणी झाली. शिवणक्लासवाली हरली. वरच्या आळीच्या केंद्रावर तिला फारच कमी मते पडली होती. आकडा ऐकून कार्यकर्त्यांनी बाईंकडे पाहिले आणि नजर दुसरीकडे वळवली. चालकाच्या केंद्रावर ती थोडी पुढे होती. मालक कागदावरचे आकडे पुन्हा पुन्हा पाहत होते, पण आकड्यांवर कुणाचे नाव नसते. चालकाची गाडी गेली नाही.

खरे बोलल्याने विजय मिळतो, असे सांगायला हे लिहिलेले नाही. त्या गावात तसे घडले नाही. दोन महिने गेले, चार गेले, आळीतला नळ होता तसाच राहिला. मग एके दिवशी आळीतल्या तिघीजणी शिवणक्लासमध्ये आल्या. "काम कुठं अडलंय, ते तू सांगणार होतीस," त्या म्हणाल्या. निवडून आले तर, असे ती म्हणाली होती. पण तिने ती आठवण करून दिली नाही. बाईंना बोलावले आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज लिहिला. दहा रुपयांचे तिकीट लावले. कायद्याने तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, तसे ते आले. टाकीचे अंदाजपत्रक तांत्रिक मंजुरीसाठी प्रलंबित आहे, एवढेच त्यात लिहिले होते. तो कागद तिघींनी आळीत सगळ्यांना वाचून दाखवला. पाणी आले नव्हते, पण ते का आले नाही हे त्यांना पहिल्यांदाच समजले होते. त्यानंतर पाण्याबद्दल विचारायला त्या थेट मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊ लागल्या.

२०१६ साली निवडलेल्या पालिकांची मुदत संपल्यावर वेळेवर निवडणुका झाल्या नाहीत. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभाग रचना यांचा वाद न्यायालयात होता. जवळजवळ चार वर्षे पालिकांचा कारभार प्रशासकांनी पाहिला. प्रश्न विचारायला दारात कुणी येत नव्हते आणि ज्याच्या दारात जावे असा नगरसेवकही नव्हता. या काळात वरच्या आळीला आपली जुनी वाट उपयोगी पडली.

अखेर २ डिसेंबर २०२५ रोजी राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांसाठी मतदान झाले. पुन्हा थेट नगराध्यक्ष, पुन्हा तीन मते. मधल्या काळात २०२० मध्ये ही थेट निवड रद्द झाली होती आणि २०२२ मध्ये परत आली होती. बाईंचे गुडघे आता चढ चढू देत नाहीत. शिवणक्लासमधल्या दोन मुली त्यांच्याकडे पुठ्ठ्याचे मशीन मागायला आल्या. त्यातली दोन बटणे तुटली होती, ती त्यांनी तिथेच बसून टाचली.

निघताना बाईंनी त्यांना विचारले, "लोक काय काय विचारतील ते ठाऊक आहे ना?"

मुलींनी यादी म्हणून दाखवली. तीन मते, ओळखपत्र, पाणी, रेशन.

"आणखी एक आहे," बाई म्हणाल्या. "तो स्वयंपाकघरात विचारतात. तेव्हा घाई करू नका. आधी दार लोटून घ्या, मग नीट सांगा."